मुलीकडचे, मुलाकडचे आणि पाण्याचा एक ग्लास

ओसरी (मूळ लेख)

२०२३ सालच्या अधिक श्रावणात, म्हणजे १८ जुलै ते १६ ऑगस्टच्या दरम्यान, मी लागोपाठच्या दोन रविवारी दोन घरी जेवायला गेलो होतो. पहिल्या रविवारी मुलीच्या सासरी, जावयाला अधिकाचे वाण द्यायला. दुसऱ्या रविवारी मुलाच्या सासुरवाडीला, जेथे माझाच मुलगा जावई म्हणून पाटावर बसणार होता. मुलीचे लग्न २०२२ च्या डिसेंबरात आणि मुलाचे २०२३ च्या मे महिन्यात झाल्यामुळे हा योग आला. दुसऱ्या रविवारी परतताना गाडीत पत्नी म्हणाली, “आज तुम्ही पाणी मागितलंत.” मला संदर्भ लागेना. तेव्हा तिने सांगितले, “गेल्या रविवारी तुम्हाला दोनदा ठसका लागला, तरी तुम्ही पाणी मागितलं नाहीत. आज आत शिरल्या शिरल्या मागितलंत, आणि वर ‘फ्रिजमधलं नको’ असंही सांगितलंत.”

माझे आजोबा मुलीच्या घरचे पाणी पीत नसत. माझ्या आत्याला मूल होईपर्यंत त्यांनी तिच्या उंबऱ्याच्या आत घोटही घेतला नव्हता, आणि आम्ही नातवंडे मोठेपणी त्याची चेष्टा करीत असू. मी असले काही मानत नाही. मुलीच्या घरी मी जेवतो, राहतो, नातवाची वाट पाहत थांबलेलो नाही. तरीही ठसका लागल्यावर माझा हात ग्लासाकडे गेला नाही आणि तोंडातून शब्द निघाला नाही, हे पत्नीने दाखवून दिल्यावर मला नाकारता आले नाही.

त्यानंतर मी दोन्ही लग्नांतले माझे वागणे आठवू लागलो. मुलीच्या लग्नात वऱ्हाडाची बस यायला उशीर झाला, तेव्हा मी कार्यालयाच्या फाटकाशी पाऊण तास उभा होतो. खुर्ची आणून दिली तरी बसलो नाही, आणि बस आल्यावर उशिराबद्दल त्यांनी काही म्हणण्याआधी मीच “रस्त्याला फार गर्दी असते हो” असे म्हणून त्यांची सुटका केली. पाच महिन्यांनी मुलाच्या लग्नात आमचीही बस उशिरा पोहोचली. फाटकाशी एक गृहस्थ उभे होते. मी उतरलो, नमस्कार केला आणि पुढे चालू लागलो. ते किती वेळ उभे आहेत, हा प्रश्न मला पडला नाही. त्याच दिवशी मी चहा गार आहे म्हणून परत पाठवला. चौतीस वर्षे बँकेत नोकरी केली, टपरीवरचा कसलाही चहा निमूटपणे प्यायलो, आणि त्या दिवशी मात्र “जरा गरम मिळेल का?” हे वाक्य मी अशा सुरात म्हटले की तीन माणसे धावली.

मला हे कोणी शिकवले नव्हते. ‘आपली पडती बाजू’ हे शब्द आमच्या घरात कोणी उच्चारले नव्हते, आणि व्याही दोन्हीकडचे सज्जन आहेत. मग पाच महिन्यांत माझ्या मानेचा कोन बदलला कसा? मंडळींनी आपापले अनुभव मांडावेत, ही विनंती.

कार्यालयवाले

मी बावीस वर्षे मंगल कार्यालय चालवतो, त्यामुळे या विषयावर बोलण्याचा थोडा अधिकार मला आहे असे समजतो. तुमच्या लेखातले गृहस्थ मी दर हंगामात पाहतो, आणि पुष्कळदा तेच गृहस्थ दोन वेगळ्या वर्षी दोन वेगळ्या चालीने फाटकातून आत येताना पाहतो. पहिल्यांदा येतात तेव्हा त्यांच्या खिशात सुट्टे पैसे, सेफ्टी पिना, डोकेदुखीची गोळी आणि आचाऱ्याचा नंबर असतो. दुसऱ्यांदा येतात तेव्हा खिसे रिकामे आणि हात पाठीमागे बांधलेले असतात.

एक गोष्ट सांगतो. आमच्याकडे पूर्वी वरपक्षाची खोली मोठी व वातानुकूलित, आणि वधूपक्षाची लहान व पंख्याची होती. कार्यालय बांधताना वडिलांनी तशीच सोय केली होती आणि त्याबद्दल कोणी तक्रार केली नव्हती. मला ते बरे वाटेना, म्हणून नूतनीकरणात मी दोन्ही खोल्या तंतोतंत सारख्या करून घेतल्या. तेवढीच लांबी-रुंदी, तीच वातानुकूलन यंत्रे, आरसेसुद्धा एकाच दुकानातले. पहिल्याच लग्नात मुलीच्या वडिलांनी मला बाजूला घेऊन विचारले, “त्यांना कोणती दिलीत?” दोन्ही सारख्याच आहेत असे सांगितल्यावर ते अस्वस्थ झाले. थोड्या वेळाने पाहतो तो त्यांच्याकडची दोन मुले आपल्या खोलीतल्या सहा गाद्या आणि जादा उशा उचलून समोरच्या खोलीत नेत होती. त्यांच्या दृष्टीने खोल्या सारख्या असणे हीच चूक होती आणि ती त्यांनी स्वखर्चाने, स्वहस्ते दुरुस्त केली. वरपक्षाने काहीही मागितले नव्हते.

दुसरी आठवण टाळेबंदीच्या काळातली. एप्रिल २०२१ मध्ये राज्य सरकारचा नियम आला की लग्न एकाच सभागृहात, दोन तासांत आणि जास्तीत जास्त पंचवीस माणसांत उरकायचे, नाही तर पन्नास हजार रुपये दंड. त्या दिवसांतली मोजकी लग्ने मी पाहिली. सीमांतपूजन नाही, विहिणीची पंगत नाही, रुखवताचे टेबल नाही. रुसायला लागतो तेवढा वेळही नव्हता आणि रुसलेले पाहायला माणसेही नव्हती. दोन्ही बाजू मुखपट्ट्या लावून एकाच रांगेत बसत आणि घड्याळाकडे पाहत. मुलीचा बाप कोणता, हे मला त्या काळात अनेकदा विचारावे लागले. एरवी ते फाटकातूनच ओळखू येते. निर्बंध उठल्यावर मात्र पहिल्याच हंगामात सगळे जागच्या जागी परत आले.

पाटीपेन्सिल

मी समाजशास्त्र शिकवते, त्यामुळे थोडे पुस्तकी बोलण्याची परवानगी असावी. राल्फ लिंटन या अमेरिकी मानवशास्त्रज्ञाने १९३६ साली ‘स्थान’ आणि ‘भूमिका’ असा भेद मांडला. समाजाच्या रचनेतली जागा म्हणजे स्थान, आणि त्या जागेला जोडलेले हक्क व कर्तव्ये माणूस प्रत्यक्ष वागून दाखवतो ती भूमिका. जागा आधीपासून तयार असते, माणूस तिच्यात नंतर येऊन बसतो. पुढे रॉबर्ट मर्टन याने १९५७ साली दाखवले की एका स्थानाला एकच भूमिका चिकटलेली नसते, तर तिचा एक संच असतो. मुलीचा बाप हा व्याह्यांपुढे एक, आचाऱ्यापुढे दुसरा, भटजींपुढे तिसरा आणि बंद खोलीत मुलीच्या आईपुढे चौथा असतो. ओसरी यांनी व्याह्यांची बस उशिरा आल्यावर जी समजूत दाखवली, ती त्याच दिवशी मांडववाल्याच्या वाट्याला आली होती का, हे विचारण्यासारखे आहे.

कार्यालयवाल्यांच्या गाद्यांच्या गोष्टीत मला सर्वात महत्त्वाचे वाटते ते हे की येथे वरिष्ठ बाजूने काहीच केलेले नाही. आपण नेहमी समजतो की मान मागितला जातो. प्रत्यक्षात तो बहुतेक वेळा न मागता पोचवला जातो, कारण ‘त्यांची काय अपेक्षा असेल’ याचा अंदाज दोन्ही बाजूंना एकाच शाळेत शिकवलेला असतो. मुलाकडचे म्हणतात, आम्ही काही म्हटले नाही. मुलीकडचे म्हणतात, त्यांनी म्हणायची वेळ कशाला आणायची? दोघेही खरे बोलत असतात.

ही शाळा कोठे भरते, असे कोणी विचारील. माझ्या मते ती पंगतीत वाढताना भरते. सात-आठ वर्षांच्या मुलाच्या हातात मिठाचे भांडे देऊन “आधी तिकडच्या पंगतीत जा” असे सांगितले जाते. कारण कोणी सांगत नाही आणि तेही विचारत नाही, पण ‘तिकडे’ म्हणजे कोठे हे त्याला कायमचे कळते.

काठावरचा

सर्व वाचले. अतिशयोक्ती वाटते. आमच्या घरी माझ्या लग्नात वडिलांनी पहिल्याच बैठकीत स्पष्ट सांगितले होते की आम्हाला मानपान नको, आहेर नको, नारळ आणि मुलगी एवढेच द्या. खर्चही अर्धा-अर्धा केला. शहरांतून हे सगळे केव्हाच संपले आहे, आणि जे उरले आहे ती हौस आहे. हौसेला समाजशास्त्र लावू नये.

तिरफळ

काठावरचा, तुमच्या वडिलांबद्दल आदर बाळगून एक प्रश्न विचारते. पहिल्या बैठकीत ‘आम्हाला काही नको’ हे वाक्य मुलीच्या वडिलांनी म्हटले असते, तर काय झाले असते? “आम्हाला तुमचा मान ठेवायचा नाही, वाण द्यायचे नाही, वरमाईचे पाय धुवायचे नाहीत” असे एखाद्या वधूपित्याने चहाचा कप खाली ठेवता ठेवता सांगितले असते, तर त्याला कोणी उदारमतवादी म्हटले असते का? ते स्थळ तेथेच मोडले असते आणि मुलीकडचे फार ‘ताठ’ आहेत असे गावभर झाले असते. म्हणजे मान घेणे हा जसा वरच्या खुर्चीचा हक्क, तसा मान सोडणे हाही वरच्याच खुर्चीचा हक्क आहे. खालच्या खुर्चीवरून सोडण्यासारखे काही नसतेच. आणि ‘नारळ आणि मुलगी द्या’ या वाक्यात कोण देते आणि कोण घेते, तेही एकदा पाहावे.

पाटीपेन्सिल यांच्याशीही माझा थोडा मतभेद आहे. ‘भूमिका’ या शब्दामुळे सारे नाटकासारखे वाटू लागते, जणू पडदा पडल्यावर दोघेही पोशाख उतरवून घरी जाणार आहेत. मुलीच्या बापाने फाटकाशी उभे राहून कमावलेले असते ते स्वतःसाठी नव्हे. तो वाकतो ते त्याची मुलगी त्या घरात राहायची असते म्हणून. १९६१ पासून हुंड्याला कायद्याने बंदी आहे, आणि १९८५ च्या नियमांप्रमाणे न मागता दिलेल्या भेटींचीसुद्धा यादी करून तीवर वधू-वरांच्या सह्या घ्यायच्या असतात. मी स्वतः दोन जावांची जाऊ आहे आणि नात्यातली पंधरा-वीस लग्ने जवळून पाहिली आहेत. अशी सह्यांची यादी मी एकदाही पाहिलेली नाही. मानपानाच्या साड्यांची यादी मात्र प्रत्येक घरात वहीत, नावानिशी आणि किमतीनिशी असते.

माझ्या सासूबाईंनी मला कधीही दुखावले नाही, हे प्रामाणिकपणे सांगते. पण माझ्या आईने लग्नात दिलेली साडी त्यांनी आजवर नेसलेली नाही. ‘छान आहे’ म्हणाल्या आणि ठेवून दिली. आई अजून, अकरा वर्षांनी, दर दिवाळीत विचारते, “नेसल्या का गं?”

विहिरीकाठ

मी सातारा जिल्ह्यातला. आमच्यात मामाच्या मुलीशी लग्न होते आणि माझेही तसेच झाले. इरावती कर्वे यांनी १९५३ साली प्रसिद्ध केलेल्या नातेव्यवस्थेवरील ग्रंथात महाराष्ट्र हा उत्तर आणि दक्षिण यांच्या सांध्यावरचा प्रदेश म्हटला आहे, आणि आमच्या घरातून पाहिले तर ते पटते. उत्तरेत मुलगी अनोळखी घरात देतात, आमच्याकडे ती बहिणीच्याच घरात जाते. त्यामुळे नातेच घरातले म्हटल्यावर ‘बाजू’ उरणार नाहीत असे मला वाटत होते.

माझ्या मामाने मला पोहायला शिकवले ते मळ्यातल्या विहिरीत ढकलून देऊन. परीक्षेत नापास झालो तेव्हा त्याच मामाने चावडीसमोर माझ्या कानाखाली वाजवली होती, आणि पहिल्या पगाराच्या दिवशी रात्री साडेदहाला मोटारसायकलवरून पेढे घेऊन आला होता. लग्नात कन्यादानाच्या वेळी मी पाटावर बसलो, मामी तांब्यातून पाणी घालू लागली आणि मामाने माझे पाय धुवायला हात पुढे केले. मी पाय मागे घेतला. त्याने माझा घोटा घट्ट धरला, मान वर न करता, फक्त मला ऐकू येईल असे म्हणाला, “गप बस. लोकं बघत्यात.” त्या हाताची पकड मला विहिरीतून वर काढतानाची, लहानपणापासूनची ओळखीची होती.

त्या दिवसानंतर मामा माझ्यावर एकदाही ओरडलेला नाही. मी गेलो की उठून उभा राहतो आणि मला ‘पाव्हणं’ म्हणतो. गेल्या वर्षी मी एका जमिनीच्या व्यवहारात मूर्खासारखा फसलो. पूर्वीचा मामा असता तर त्याने आधी शिव्या घातल्या असत्या आणि मग तालुक्याला जाऊन सगळे निस्तरले असते. या वेळी तो म्हणाला, “तुमाला काय सांगायचं, तुमी जाणते.” मला जावई होऊन सासरा मिळाला खरा, पण मामा गेला.

कार्यालयवाले

विहिरीकाठ, पाय मागे घेणारे नवरदेव अलीकडे बरेच दिसतात. अशा वेळी दहापैकी नऊ वेळा मुलीचा बापच हट्टाने ते पाय धरतो. मी त्याचा अर्थ लावू शकलेलो नाही.

बिनपाटी

यावर उपाय म्हणून आम्ही विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी करायचे ठरवले. १९५४ चा हा कायदा तुम्हाला तीस दिवसांची नोटीस द्यायला लावतो आणि त्यानंतर अधिकाऱ्यासमोर तीन साक्षीदारांसह सही करायची असते. पाट नाही, कन्यादान नाही, करवली नाही. एक टेबल, एक रजिस्टर, निळ्या शाईचे पॅड. येथे कोणाची बाजू वर असणार, असे आम्हाला वाटले होते.

साक्षीदार तीन असतात, हे आम्ही विसरलो होतो. तीनचे दोन सारखे भाग होत नाहीत. माझे सासरे त्या आकड्याकडे क्षणभर पाहून म्हणाले, “त्यांचे दोन घ्या, आमचा एक.” माझे वडील म्हणाले, “छे छे, तुमचे दोन.” सासरे म्हणाले, “असं कसं, तुम्ही मुलाकडचे.” हा संवाद पाच मिनिटे चालला आणि खिडकीपाशी उभे असलेले पुढचे जोडपे ताटकळले. शेवटी वडिलांनी ‘बरं’ म्हटले, आणि तिरफळ यांचा मुद्दा वाचल्यावर आता मला वाटते की त्यांना वेगळे काही म्हणताच येत नव्हते. आग्रह करून दिलेले नाकारले, तर समोरच्याचा अपमान होतो.

रजिस्टरात आमची सही एकाच ओळीत आहे. त्याखाली माझे काका, माझा मित्र आणि पत्नीची मावशी.

अष्टागर

सत्यशोधक पद्धतीचा उल्लेख अजून कोणी केला नाही, म्हणून लिहितो. महात्मा फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाजाची स्थापना केली आणि भटजीशिवाय लग्न लावण्याची पद्धत घालून दिली. तीमधली मंगलाष्टके फुल्यांनी स्वतः रचली आणि ती वधूने व वराने एकमेकांना उद्देशून म्हणायची असतात. तेथे बाप मुलीला देत नाही. मुलगी स्वतः बोलते आणि स्त्रियांच्या हक्कांविषयी वराकडून वचन घेते. माझ्या बहिणीचे लग्न असे झाले. विधीत कोणाचे पाय धुतले गेले नाहीत. मात्र जेवणाच्या वेळी आमच्या वडिलांनी व्याह्यांच्या पंगतीत उभे राहून स्वतः जिलबी वाढली, आणि स्वतःचे जेवण साडेचारला केले. विधी बदलून दीडशे वर्षे झाली, वाढप्याची जागा अजून तीच आहे, असे मी म्हणतो तेव्हा बहीण रागावते. तिचे म्हणणे असे की ते वडिलांचे प्रेम होते. असेलही. पण व्याही जिलबी वाढायला उठले नाहीत, एवढे मी पाहिले.

काठावरचा

तिरफळ, तुमच्या प्रश्नावर दोन दिवस विचार केला. वडिलांना फोन करून विचारलेही. ते म्हणाले, “तुझ्या सासऱ्यांनी तेव्हा डोळ्यांत पाणी आणून माझे हात धरले होते.” ही आठवण ते आजवर अभिमानाने सांगत आले आहेत, आणि मीही ती तशीच ऐकत आलो. काल प्रथमच मला सासऱ्यांना कसे वाटले असेल असा प्रश्न पडला. हौस हा शब्द मी मागे घेतो. बाकी मतभेद कायम आहे. खर्च अर्धा करणे हे काहीच नाही असे मी मानणार नाही.

ओसरी

सर्वांचे आभार. पाटीपेन्सिल यांच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. होय, त्याच दिवशी मांडववाल्याला मी अर्ध्या तासाच्या उशिरासाठी चारचौघांत फैलावर घेतले होते. ते मला तुमचा प्रश्न वाचेपर्यंत आठवलेही नव्हते.

तिरफळ यांचा प्रतिसाद वाचल्यावर आम्ही नवरा-बायकोने एक प्रयोग करायचे ठरवले. यंदा, म्हणजे २०२६ साली, १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे, म्हणजे पुन्हा दोन्हीकडची वाणे आली. मुलाच्या सासऱ्यांना फोन करून मी सांगणार होतो की यंदा वाण नको. पण ‘नको’ म्हणणे हीदेखील मुलाकडच्यांचीच मिजास, हे आता कळून चुकले होते. तेव्हा पत्नीने सुचवले की सहासष्ट अनारसे करायचे. तेहतीस रीतीप्रमाणे मुलीच्या घरी जावयाला, आणि उरलेले तेहतीस उलट्या दिशेने, सुनेच्या माहेरी.

मी व्याह्यांना तसे कळवले. बराच वेळ फोनवर काही ऐकू आले नाही. मग त्यांनी विचारले, “काय म्हणून पाठवताय?” मी म्हटले, सहज. ते म्हणाले, “सहज कसं, लोक विचारतील ना.” त्यांच्या घरी अनारशांचा डबा मुलीच्या सासरहून आला तर त्याला कोणते नाव द्यायचे, हे त्यांना सुचेना आणि मलाही. जावयाला देतात त्याला वाण म्हणतात, सुनेच्या बापाला देतात त्याला आमच्या भाषेत शब्दच नाही. मग ते काकुळतीने म्हणाले, “मग आम्ही तरी तेहतीस पाठवायचे ना? का नाही पाठवायचे?” मी म्हटले, तुमची इच्छा. त्यावर ते अधिकच गोंधळले, कारण इच्छा कोणी विचारलेली त्यांना आठवत नव्हती.

अर्ध्या तासाने त्यांचा पुन्हा फोन आला. त्यांच्या पत्नीने एक अडचण काढली होती. डबा रिकामा परत करायचा नसतो, तर मग तो परत करताना त्यात काय घालायचे? मुलाकडच्यांच्या डब्यात काहीतरी तोलामोलाचे घालावे लागणार. मी काय सांगावे याचा विचार करीत होतो, तेवढ्यात पत्नीने माझ्या हातातून फोन घेतला आणि म्हणाली, “वाटीभर साखर घाला वहिनी. शेजारी घालतात तशी.”